लुटुपुटूचं दुकान, खरं मीठ

फळीवर पहिली वस्तू ठेवली ती मिठाची एक किलोची पिशवी. बिस्किटं नाहीत, चॉकलेट तर नाहीच. मीठ कुणाला नुसतं खावंसं वाटत नाही, त्यामुळे हातात पडताच पिशवी फोडायचा मोह होत नाही. ते जड असतं, म्हणून काहीतरी घेतलंय हे हाताला नीट कळतं. शिवाय घरी ओट्यावर तीच पिशवी असते, म्हणजे दुकानातून नेऊन आईच्या हातात दिली की ती कामाला येते. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना खरेदी शिकवायला खोलीत दुकान मांडायचं तर हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आम्हाला तो कळला प्लॅस्टिकच्या फळांची अख्खी टोपली विकत घेऊन झाल्यावर.

भातुकलीत बाकीची मुलं रिकाम्या कपातून चहा पितात, खडूची सिगरेट करतात, पानाची पोळी वाढतात. हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांचं गाडं नेमकं इथे अडतं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांत स्वमग्नतेची शक्यता चाचपणाऱ्या एम-चॅट प्रश्नावलीत 'मूल रिकाम्या कपातून प्यायचं, फोनवर बोलायचं असं खोटं खोटं खेळतं का' हा प्रश्न आहे तो उगाच नाही. प्लॅस्टिकचा टोमॅटो हातात दिला की मूल तो हुंगतं, जिभेला लावतं आणि बाजूला ठेवतं. त्याचा निवाडा बरोबरच असतो, तो टोमॅटो नाहीच. त्याला टोमॅटो समज असं सांगणं हे एक काम झालं आणि तो विकत घे हे दुसरं. आम्ही दोन्ही एकदम अंगावर टाकत होतो आणि 'मूल खेळत नाही' अशी नोंद करत होतो.

म्हणून आता नियम सरळ आहे. वस्तू खऱ्या, पैसे खरे, पिशवी खरी. लुटुपुटूचं काय, तर मागे रांग नाही, 'अहो, लवकर आवरा' म्हणणारं कुणी नाही, आणि चुकलं तर तेच पुन्हा पहिल्यापासून करता येतं. मुलांना कल्पनेचे खेळ शिकवू नयेत असं आमचं म्हणणं नाही. त्यासाठी वेगळी वेळ, वेगळी खोली. ही खोली व्यवहाराची.

खोली १० फूट बाय १२ फूट. एवढीच हवी; मोठ्या हॉलचा कोपरा पडदा लावून वापरला तेव्हा मूल पडद्यापाशीच घुटमळत राहिलं. एका भिंतीला तीन फळ्यांचा घोडा, त्याच्यापुढे ४ फुटी टेबल हा काउंटर. टेबलाची उंची २६ इंच. सात-आठ वर्षांच्या मुलाला पलीकडच्या माणसाचे हात दिसले पाहिजेत. तोंड दिसलंच पाहिजे असं नाही, हात दिसायला हवेत, कारण पुढचं काम हातांकडे बघून कळतं. भिंती कोऱ्या. रंगीत तक्ते, बाराखडी, फुलपाखरं सगळं काढलं. जुन्या चोकची ट्यूबलाइट बदलून एलईडी लावली. जुन्या ट्यूबची लुकलुक आपल्या लक्षातही येत नाही, पण काही मुलं तिच्याचकडे बघत बसतात. दुकान म्हणजे उदबत्ती हवीच, असं आमच्यातल्या कुणाला तरी वाटलं आणि पहिल्या दिवशी ती लावली. एक मूल नाक दाबून दारातूनच परत गेलं. हिंगाची डबीही त्याच दिवशी हलवली.

आत येण्याचं दार आणि बाहेर जाण्याचं दार वेगळं असेल तर उत्तम. नसेल तर जमिनीवर निळ्या चिकटपट्टीने वाट आखायची: दारातून काउंटर, काउंटरवरून वळसा, पुन्हा दार. काउंटरपासून दीड फुटावर पावलांच्या ठशांची एक जोडी. तिच्या मागे दोन फुटांवर दुसरी, ती रांगेसाठी. पण पहिले दोन आठवडे दुसरी जोडी झाकून ठेवायची.

वस्तू सहाच: मीठ, अंगाचा साबण, काडेपेटी, टूथपेस्ट, साखरेची अर्धा किलोची पुडी आणि पारले-जी. बिस्किटाचा पुडा हा शेवटी, बाकीच्या पाच वस्तू जमल्यावर. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. चित्रकार्ड म्हणून इंटरनेटवरची चित्रं छापण्यापेक्षा त्याच वस्तूचं रिकामं पाकीट कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, वरून लॅमिनेट करून वापरावं. ते चित्र मुलाला कळतं आणि पुढे खऱ्या दुकानदारालाही. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो'सारखं चित्रांवरून बोलणारं ॲप काही मुलं वापरतात, छान वापरतात. पण उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि रस्त्यावरच्या गोंगाटात आवाज पोचत नाही, म्हणून खिशात पाकिटाचं कार्ड असू द्यावं.

आता खरेदी. 'दुकानातून मीठ आणणं' हे एक काम वाटतं. कागदावर उतरवलं तेव्हा दहा निघाली. पिशवी आणि कार्ड घेणं. वाटेवरून जाऊन ठशांवर उभं राहणं. दुकानदार बघेपर्यंत थांबणं. कार्ड देणं किंवा बोलणं. नोट देणं. उरलेले पैसे येईपर्यंत थांबणं. ते पाकिटात टाकणं. वस्तू घेणं. ती पिशवीत ठेवणं. बाहेर पडणं. या दहांपैकी दोनच ठिकाणी बहुतेकांचं घोडं अडतं, तिसऱ्या आणि सहाव्या पायरीवर. दोन्हीकडे काम एकच, थांबणं.

'थांब' या शब्दाला आकार नाही. किती थांब, कशासाठी थांब, संपलं हे कळणार कसं? मूल काउंटरवर चढतं, हात घालतं, निघून जातं, तेव्हा ते हट्टी नसतं. थांबण्याला शेवट असतो हे त्याला दिसलेलं नसतं. आधी आम्ही वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ ठेवलं. मूल वाळूतच रमलं, दुकान राहिलं बाजूला. मग उपाय सापडला तो अगदी साधा: दुकानदाराने त्या वेळात मुलाला दिसेल असं काहीतरी करायचं. पुडी बांधायची, दोरा गुंडाळायचा, गाठ मारायची, दोरा तोडायचा. दोरा तुटला की थांबणं संपलं. पहिल्या आठवड्यात ही पुडी ५ सेकंदांत बांधून होते, मग १०, मग २०, पुढे ४५. ४५ सेकंदांपर्यंत पोचायला कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला तीन महिने. वेळ वाढवताना एकदा लांब, एकदा आखूड असं करावं. रोज सरळ चढत गेलं की मुलाला 'आज कालपेक्षा जास्त' हे बरोबर समजतं आणि ते दारातच बसकण मारतं.

दहा पायऱ्या शिकवायच्या त्या शेवटापासून. म्हणजे पहिले काही दिवस नऊ पायऱ्या मोठ्या माणसाने मुलाच्या हाताला हात लावून करायच्या आणि दहावी, मिठाची पिशवी घेऊन बाहेर पडणं, मुलाने एकट्याने. मग नववी आणि दहावी. मग आठवी. असं केल्याने मूल प्रत्येक वेळी काम पुरं करून बाहेर पडतं. पुढून शिकवलं की पहिली पायरी पक्की होते आणि बाकीच्या नऊंमध्ये रोज नवी हार. काही कामांना पुढून शिकवणं सोयीचं असतं, हात धुणं त्यातलंच; खरेदीला मात्र मागूनच.

मदत करणाऱ्या ताईने उभं राहायचं मुलाच्या मागे, थोडं डावीकडे. समोर कधीच नाही. समोर उभं राहिलं की मूल ताईशी व्यवहार करतं, दुकानदाराशी नाही. हात लावायचा तो कोपराला, मनगटाला नाही. मनगट धरलं की मूल हात सैल सोडून देतं आणि आपणच त्याचा हात चालवत राहतो. आणि तोंड बंद. हे सगळ्यात अवघड, पालकांना तर फारच. 'दे, पैसे दे, दे ना बाळा' हे इतक्या मायेने तोंडातून निघतं की थांबवता थांबत नाही. पण हाताची मदत हळूहळू कमी करता येते, कोपरावरून खांदा, मग हात न लावता नुसती सावली. शब्दाची मदत सुटतच नाही, कारण 'पैसे दे' हे ऐकणं हीच मुलाच्या लेखी एक पायरी होऊन बसते. मग मूल नोट हातात धरून उभं राहतं आणि वाट बघतं, कुणी तरी 'पैसे दे' म्हणेल म्हणून. खऱ्या दुकानात हे कोण म्हणणार?

दुकानदारानेही प्रश्न एकदाच विचारायचा. मनात १० पर्यंत अंक मोजायचे. या दहा सेकंदांत मोठ्या माणसांची फार घालमेल होते. सहाव्या सेकंदाला प्रश्न पुन्हा विचारला की मुलाने मनात लावायला घेतलेलं सगळं विस्कटतं आणि ते पहिल्यापासून लावायला घेतं.

बोलणाऱ्या मुलांची अडचण वेगळी. 'काय पाहिजे?' विचारलं की उत्तर येतं, 'काय पाहिजे?' इथे मागच्या ताईने मुलाचं वाक्य मुलाच्या आधी, प्रश्न संपता संपता हळूच म्हणायचं: 'काका, मीठ द्या.' मूल त्याचा प्रतिध्वनी करतं आणि तो प्रतिध्वनी इथे बरोबर बसतो. मग ताईने 'काका, मी...' एवढंच म्हणायचं, मग नुसतं 'का...', मग काहीच नाही. पूर्ण वाक्य एकसंध शिकवलं ते मुद्दाम. घरात मूल आईला 'दे' म्हणतं, दुकानात 'द्या' लागतं. 'दे'चं 'द्या' कुठे करायचं हा नियम मोठा झाल्यावर कळेल तेव्हा कळेल. तोवर 'काका' आणि 'द्या' एकमेकांना बांधलेलेच राहू देत. उलटं झालं तर दुकानदार 'ए, नीट बोल' म्हणतो आणि सगळा दिवस जातो.

आमची मोठी चूक इथे झाली. आमचा दुकानदार रोज 'काय पाहिजे?' असंच विचारायचा. मुलं तयार झाली. मग एके दिवशी दुसऱ्या शिक्षकाने काउंटरवर बसून नुसतं 'बोला' म्हटलं, आणि तयार झालेली मुलं गप्प. त्यांच्या दृष्टीने कुणी काही विचारलंच नव्हतं. त्यानंतर एका पट्टीवर दुकानदारांची खरी वाक्यं लिहून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवली: काय देऊ, बोला, हं, काय रे, तुला काय, अजून काय. ही वाक्यं खऱ्या दुकानांत उभं राहून ऐकून आणली. नुसती भुवई उंचावणारे दुकानदारही आहेत, म्हणून पट्टीच्या शेवटी 'भुवई' असंही लिहिलं.

पैशांबद्दल थोडं सविस्तर. खेळण्यातल्या नोटांवर शिकलेलं मूल खेळण्यातल्याच नोटा ओळखतं. खऱ्या नोटांची रंगीत झेरॉक्स काढून वापरणं कायद्यात बसत नाही, तेव्हा तोही रस्ता बंद. सुरुवातीला १० च्या पाच नोटा पुरतात आणि त्या आठवड्याच्या शेवटी गल्ल्यातून आपल्याकडेच परत येतात. रंगावरून नोट ओळखायला शिकवलं तर फजिती होते, कारण एकाच किमतीचे दोन रंग खिशात फिरतात. १० ची नवी, म्हणजे २०१८ पासूनची नोट चॉकलेटी, जुनी केशरी-जांभळट. २० ची जुनी तांबूस, आणि २०१९ पासूनची, पाठीवर वेरूळचं लेणं असलेली, हिरवट पिवळी. नव्या नोटांवर इंग्रजी आकड्याबरोबर देवनागरी आकडाही असतो. म्हणून सवय लावायची ती 'आकड्यावर बोट' अशी. नाण्यांत २० चं नाणं बारा कडांचं, ते हाताला लगेच कळतं. १ आणि २ ची नाणी मात्र डोळ्यांना आणि बोटांना सारखीच फसवतात, ती शेवटी घ्यावीत.

बेरीज-वजाबाकी येत नसलेल्या मुलाला खरेदी करता येते, त्याची युक्ती 'एक जास्त'. किंमत ऐकायची, तितके दहा मोजायचे आणि वर एक दहाची नोट जास्त द्यायची. ३७ रुपये: दहा, वीस, तीस आणि एक जास्त. आता मराठीत गंमत अशी की 'सदतीस'मध्ये एकक आधी आणि दशक शेवटी. मुलाला सांगायचं, शेवट ऐक. सदतीस, चौतीस, बत्तीस: शेवट 'तीस'. मग एकोणचाळीस? त्याचा शेवट 'चाळीस', म्हणजे मूल ५० देणार. देऊ दे. ११ रुपये परत येतील, बिघडलं काहीच नाही. या एका सोयीसाठी एकोणतीस-एकोणचाळीसचा अपवाद शिकवण्यात आम्ही वेळ घालवला नाही. पण सदुसष्टचा शेवट 'साठ' ऐकू येत नाही आणि अकरा-बाराला तर शेवट नाहीच, म्हणून खोलीतल्या सगळ्या किमती २१ ते ४९ च्या दरम्यान ठेवल्या. त्यासाठी छापील किंमतीवर चिकटपट्टी लावून आमची किंमत लिहिली. लिहिली तशी एका मुलाने ती पट्टी सोलली आणि खालची किंमत वाचून दाखवली. तेव्हापासून त्याच्यासाठी छापील किंमतच खरी आणि आम्ही त्याच्या यादीतल्या वस्तूच बदलल्या.

दहाच्या दहा पायऱ्या जमू लागल्या की मुद्दाम बिघाड करायचा. एका वेळी एकच, आठवड्यातून दोनदा. 'मीठ संपलंय.' 'सुट्टे नाहीत का?' 'उद्या ये.' आणि सगळ्यात अवघड, उरलेल्या दोन रुपयांऐवजी हातावर ठेवलेली गोळी. ज्या मुलाने तीन महिने 'नोट दिली की नाणी येतात' हे घोकलं, त्याच्या हातावर गोळी ठेवणं म्हणजे ठरलेला व्यवहार मोडणं. त्याला राग येतो आणि खरं सांगायचं तर त्याचा राग रास्त आहे. आम्ही दोन्ही वाटा शिकवल्या: गोळी ठेवून घेणं आणि 'काका, पैसे द्या' म्हणणं. निवड मुलाची. हल्ली काउंटरवर पैसे आल्याचं मोठ्याने सांगणारा डबा असतो. त्याच्या अचानक ओरडण्याने दचकून कान झाकणारी मुलं पुष्कळ. मोबाइलवर तोच आवाज टेप करून खोलीत आधी अगदी बारीक, मग वाढवत वाजवला. पण कानावर हात ठेवायची सवय मोडायच्या भानगडीत पडलो नाही. कान झाकूनही खरेदी होते.

दुकानदार होणं हे ग्राहक होण्याहून काही मुलांना सोपं जातं. ज्यांना घरी 'सारखा डब्यांची रांग लावत बसतो' म्हणून बोलणी खावी लागतात, त्यांना फळी लावायला द्यावी. सगळ्या पाकिटांची तोंडं एका दिशेला, काडीइतकाही फरक नाही. वजनाचा काटा मात्र जपून. २५० ग्रॅम तूरडाळ तोलायला दिली आणि काट्यावर २५२ आलं की मूल एक-एक दाणा काढत बसतं. चार दाणे काढले की आकडा हलत नाही, पाचव्याला हलतो, मग एक परत टाकायचा. पंधरा मिनिटं अशी जातात आणि शेवटी रडू. उपाय म्हणून काट्याशेजारी हिरवी पट्टी चिकटवली: '२४५ ते २५५, झालं.' २५० हा एकच आकडा बरोबर, असं सांगितल्यावर मूल तो एकच धरणार. 'इथपासून इथपर्यंत बरोबर' असं दाखवल्यावर बहुतेकांनी ते मान्य केलं.

खोलीच्या दुसऱ्या भिंतीला केस कापायचं दुकान. यातून मुलांनी काही 'शिकावं' अशी अपेक्षा नाही. निव्वळ सवय व्हावी एवढंच. सलूनमध्ये चार माणसांनी धरून केस कापावे लागतात, रात्री झोपेत कात्री चालवावी लागते, हे आईवडील खालच्या आवाजात सांगतात. यात कारणं चार आणि ती वेगवेगळी सोडवावी लागतात. लहान मुलाला खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवतात, तेव्हा पाय लोंबकळतात आणि पडायची भीती वाटते. पायाखाली डबा ठेवला की निम्मी कुरकुर जाते. पाण्याचा फवारा अचानक येतो. तो मुलाच्या हातात द्यावा, त्यानेच आधी आपल्या तळहातावर मारावा. मानेत पडलेले बारीक केस टोचतात. कापडाखाली मऊ पंचा गुंडाळावा आणि पावडरचा पफ आधी दाखवावा. चौथं मशीन. ते कानाजवळ आलं की आवाज हवेतून येतो तसा हाडातूनही येतो, म्हणून कानात कापूस घालून पुरत नाही.

मशीनच्या पायऱ्या आमच्याकडे अशा होत्या: बंद मशीन टेबलावर. बंद मशीन मुलाच्या हातात. ६ फुटांवर चालू, ५ सेकंद. ३ फुटांवर. मग पात्याची नाही, मागची बाजू तळहाताला, दंडाला, खांद्याला, मानेला. प्रत्येक पायरीला मोठ्याने १ ते १० मोजायचं आणि १० ला थांबायचं. खरोखर थांबायचं. इथे सगळा डाव आहे. खऱ्या सलूनमध्ये आई म्हणते 'झालं, झालं, झालंच हं' आणि मशीन चालूच असतं. दहा वेळा असं झालं की 'झालं' या शब्दाचा अर्थ 'अजून आहे' असा होतो आणि मग डॉक्टरकडे, आंघोळीला, शाळेत, कुठेच 'झालं'वर भरवसा राहत नाही. आम्ही 'झालं' हा शब्द मशीनचं बटण बंद झाल्याशिवाय उच्चारायचाच नाही असं ठरवलं. पाळताना कळलं की आपण तो दिवसातून किती वेळा खोटा वापरतो. मूल हात वर करून थांबा म्हणालं तर अंक ४ वर असला तरी बंद. याने वेळ वाढतो का? पहिले दोन आठवडे वाढतो, मग मुलं हात वर करणं कमी करतात, कारण हात वर केला की थांबतं हे त्यांनी तपासून घेतलेलं असतं.

डॉक्टरांचा कोपरा आणि एसटीची दोन बाकं यांबद्दल थोडक्यात. दवाखान्यात स्टेथोस्कोप खरा हवा आणि तो थंड असतो हे आधी सांगायला हवं. एसटीत तिकीट काढणं मुलांना पटकन जमतं; जमत नाही ते हे, की खिडकीची जागा दुसऱ्याने घेतलेली असते. म्हणून आमच्या बाकांवर खिडकीशी रोज कुणीतरी आधीच बसलेलं असे.

नोंदीसाठी एका पानावर दहा ओळी आणि तारखांचे रकाने. 'स्व' म्हणजे स्वतः, 'खू' म्हणजे खूण केल्यावर, 'हा' म्हणजे हात लावावा लागला. रडलं, हसलं, मूड बरा नव्हता असलं काही त्यात लिहीत नाही. त्यासाठी पानाची मागची बाजू. दोन आठवड्यांची पानं शेजारी ठेवली की कुठली पायरी 'खू'वर अडकलीय ते लगेच दिसतं, आणि बहुतेक वेळा अडचण मुलात नसून खूण करणाऱ्याच्या हातात सापडते.

खोलीत शंभर टक्के पक्कं करू आणि मग बाहेर नेऊ, हा विचार सुचतो सगळ्यांनाच आणि बुडवतो तोच. स्टोक्स आणि बेअर या दोन वर्तन-अभ्यासकांनी १९७७ साली लिहून ठेवलं की एका जागी शिकवायचं आणि दुसरीकडे ते आपोआप उतरेल अशी आशा धरायची, एवढ्याने भागत नाही; ते उतरावं म्हणून मुद्दाम आखणी करावी लागते. आम्ही आता दहापैकी आठ पायऱ्या दोन वेगवेगळ्या दुकानदारांसमोर तीन दिवस 'स्व' आल्या की बाहेर पडतो. त्याच्याही आधी, पहिल्या आठवड्यापासून, रोज खऱ्या दुकानावरून नुसतं चालत जाऊन येतो. काही घ्यायचं नाही.

दुकान निवडताना दुकानदार प्रेमळ आहे का हे बघण्यापेक्षा काउंटर किती उंच आहे ते बघावं. दुपारी अडीच ते चार ही वेळ बरी. दूधवाल्यांची आणि शाळेतून परतणाऱ्यांची गर्दी नसते. आधी एकट्याने जाऊन दुकानदाराशी बोलावं आणि त्याच्या हातात पोस्टकार्डाएवढा कागद द्यावा. आमच्या कागदावर चार ओळी आहेत: मूल कार्ड दाखवेल. प्रश्न एकदाच विचारा, मग दहा अंक मोजा. फुकट काही देऊ नका. मुलाशी बोला, आमच्याशी नाही. तिसरी ओळ लिहिण्याची वेळ आली, कारण भले लोक कौतुकाने हातात चॉकलेट ठेवतात आणि मग मूल पुढच्या वेळी चॉकलेटसाठीच येतं. चौथ्या ओळीचं काय सांगावं; ती वाचूनही निम्मे लोक मुलाच्या डोक्यावरून ताईला विचारतात, 'याला काय हवंय?' तेव्हा ताईने भिंतीवरच्या जाहिराती वाचत उभं राहावं.

पिशवी, पाकीट आणि कार्ड खोलीतलंच. बाकी सगळं बदललेलं असताना हाताला तीन ओळखीच्या गोष्टी हव्यात. पहिली खरेदी मिठाचीच. दुसऱ्या आठवड्यात दुसरं दुकान, तिसऱ्यात तिसरं, आणि मग त्यातलं घराजवळचं एक पालकांनी चालू ठेवायचं.

घरी हे करायला खोली लागत नाही. महिन्याचं वाणसामान आलं की त्यातल्या सहा वस्तू ओट्यावर, पुढे एक स्टूल आडवं, जमिनीवर खडूने पावलं. आजोबांना काउंटरवर बसवावं. त्यांना 'हं, काय रे?' म्हणायला शिकवावं लागत नाही. दिवसातून एकदा, दहा मिनिटांच्या वर नाही, आणि जी वस्तू खरंच संपलीय तीच आणायला पाठवायचं. भरलेल्या डब्यात पुन्हा साखर ओतायला लागलं की मुलाच्या ते लगेच लक्षात येतं.

आमचं दुकान दर आठ आठवड्यांनी आम्ही मोडतो. फळ्या दुसऱ्या भिंतीला जातात, वस्तूंच्या जागा बदलतात, काउंटर उजवीकडचा डावीकडे येतो. ज्या मुलांनी हे सगळं एकदा पाठ केलेलं असतं, त्यांना त्या दिवशी आत यायला वेळ लागतो. म्हणून आदल्या दिवशी फळ्या उतरवायचं काम त्यांच्याकडेच असतं: एकाने पाकिटं खोक्यात भरायची, दुसऱ्याने चिकटपट्टी सोलायची. मीठ शेवटी उतरवायचं आणि नव्या जागी पहिलं चढवायचं.